ढगात बुडालेली अंगारकी

“ढगांच्या दिवसांत चतुर्थी आली, की शेजारच्या आक्कांकडे डोकावत जा हो.” आमच्या आधी इथे राहणाऱ्या पावसकरबाई खोली सोडून जाताना एवढंच म्हणाल्या होत्या. मी मान डोलावली, आणि ते वाक्य उंबऱ्याबाहेरच्या धुक्यात सोडून दिलं.

कारण आंबोलीचे ढग आकाशात राहत नाहीत. ते घराघरांतून पोटभाडेकरूंसारखे राहतात. शुभ्र, शीतल, निःशब्द ढग. खिडकीतून येणारे, उशीत शिरणारे, तांदळाच्या डब्यात डोकावणारे ढग. मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर. भिंतीवर उमललेल्या बुरशीची हरितश्यामल नक्षी पाहून मला तिची लांबलचक नावं आठवत, आणि माझ्या दीड वर्षाच्या लेकीची, मैतूची दुपटी शेगडीवर शेकता शेकता मी जळवांना, सर्दीला आणि यच्चयावत विषाणूंना मनोमन शाप देत बसे. शेजाऱ्यांची काळजी करायला माझ्यापाशी काळजी शिल्लकच नव्हती.

शेजारी यमुनाक्का. सोलापूरच्या. मुलगा माधव वनखात्यात, म्हणून त्या इथे; सूर्यानेही दमून सावली शोधावी अशा गावातून आलेल्या, चंद्रानेही वाट चुकावी अशा गावात. रोज सकाळी मैतूच्या कमलकोवळ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायच्या. “खा, बाप्पा. लेकराच्या तोंडून गणपतीच बोलतोय बघ, पोरी!” मी हसायचे, आणि खड्याला मुंगी लागली आहे का, ते बघायचे.

आणि आषाढातल्या एका मंगळवारी चतुर्थी आली. अंगारकी.

दिवस मावळला म्हणावं, तर तो उगवलाच नव्हता. राखाडी सकाळ, राखाडी दुपार, राखाडी सांज. जणू कुणी एकच ओलं लुगडं दिवसभर वाळत घातलं होतं. हे शाळेच्या कामाला घाटाखाली गेलेले. माधव गस्तीवर, रानात. दिवेलागणीनंतर केव्हातरी पावसकरबाईंचं वाक्य भिजून, कुडकुडत दारात परत आलं. मी मैतूला कडेवर घेतलं आणि शेजारी गेले.

आक्का ओट्यावर पाट मांडून बसल्या होत्या. पुढ्यात ताम्हन, ताम्हनात अक्षता, रक्तचंदन, जास्वंदीची लाल फुलं; बाजूला झाकलेले मोदक. गारठ्याने माझे दात वाजत होते, आणि त्यांच्या कपाळावर मात्र घामाचे बारीक मोती.

“आक्का, संध्याकाळची साखरेची गोळी घेतलीत?”

“घेतली की.”

“आणि पोटात काय आहे?”

“गोळी.”

गोळी साखर उतरवणार, आणि उतरवायला पोटात कणभर अन्न नाही! या थरथरत्या बोटांच्या बाई अशाच बसून राहिल्या, तर पाटावरून सरळ जमिनीवर येतील. आणि मोठा दवाखाना घाट उतरून, पार खाली.

“आक्का, चंद्र ढगामागे उगवलाय. कॅलेंडरात वेळ छापलीय. विज्ञान सांगतं की...”

“विज्ञानाला उपास न्हाई, पोरी. मला हाय.” मग आवाज ओला झाला. “लेकरू रानात हाय माझं. छापलेल्या चंद्रावर मोदक खाऊ व्हय?”

मी मैतूला कडेवरून उतरवून ओट्यावर बसवलं.

आणि मग तो उगवला! धुक्याच्या क्षीरसागरातून, पूर्वेला की पश्चिमेला कोण जाणे, एक पीतवर्ण, वर्तुळाकार, कंपायमान तेज हळूहळू वर आलं. आक्का उठल्या. डोळे मिटले. गदगदल्या स्वराने मोरया म्हणत त्यांनी अर्घ्य सोडलं. मीही, एवढी शिकलेली, हात जोडून उभी राहिले.

चंद्र घरघरला. चंद्राने ब्रेक मारला.

सावंतवाडीहून येणारी मुक्कामाची एसटी, एक दिवा गेलेली, ओट्यापुढे थांबली. कंडक्टरने डोकं बाहेर काढलं. “आजी, खंय जावचा हा? गाडी आता हयच ऱ्हवतली!”

आक्कांनी डोळे उघडले. “कुठं न्हाई रे बाबा. तुझ्या चंद्राला कंडक्टर हाय.”

पण खाली बसताना त्यांचा तोल गेला. एका हातात मैतू, एका हातात आक्का, असं मी दोघींना आत आणलं, आक्कांना भिंतीशी टेकवलं आणि ताम्हन, मोदक उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवले. बल्बचा मंद, मधुर उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला. गोल, फिकट, घामाने चकाकणारा चेहरा. भोवती विखुरलेल्या केसांचे पांढरे ढग. मैतू एकटक बघत राहिली. मग तिचं बोट उठलं.

“चांदोबा!”

मी खिडकीकडे वळले. बोट खिडकीकडे गेलंच नव्हतं. ते आक्कांच्या गालावर टेकलं होतं.

“चांदोबा!”

“आक्का,” मी म्हटलं, “लेकराच्या तोंडून कोण बोलतं?”

आपल्याच श्रद्धेने चारी वाटा अडवल्यावर माणसाने जायचं कुठे?

“अगं, पण मीच चंद्र, तर मी दर्शन कुणाचं घ्यायचं?”

मी कोनाड्यातला आरसा उचलला. पदराने त्यावरचं धुकं पुसलं आणि त्यांच्यापुढे धरला. आक्का वाकल्या. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. गालावरच्या तिळापाशी येऊन थबकल्या.

“बाई गं! डागसुद्धा हाय की!”

आणि त्या हसल्या. पोट धरून, डोळे पुसत, ताम्हन लवंडेपर्यंत हसल्या. पुराणातला चंद्र गणपतीला हसला, म्हणून त्याला शाप लागला. आंबोलीचा चंद्र स्वतःलाच हसला, आणि त्याचा उपास सुटला.

अक्षता आरशावर पडल्या. पहिला मोदक मैतूच्या मुठीत गेला. तिने तो चिवडून अर्धा आक्कांच्या तोंडात कोंबला. मुंगी आहे का, ते मी पाहिलं नाही. मी फक्त बोटं बघत होते. थरथरणारी, मग कमी थरथरणारी, मग तिसऱ्या मोदकाकडे निश्चयाने निघालेली बोटं.

सकाळी माधव आला. दोन्ही पायांना जळवा, आणि पहिला प्रश्न: “मोदक उरलेत का?”

आता ह्यांची बदली घाटाखाली झाली आहे. इथे चंद्र वेळेवर उगवतो, स्वच्छ दिसतो, आणि मला मेलीला झोप लागत नाही. परवा चतुर्थी आहे, आणि घाटमाथा सकाळपासून दिसेनासा झाला आहे. आक्कांशेजारच्या आमच्या जुन्या खोलीत अजून कुणी राहायला आलेलं नाही.

तुम्ही त्या वाटेने जाणार असाल, तर एसटी थांबते तिथे समोरच आक्कांच्या ओट्यावर जरा डोकावा. गोळी घेतली का, ते विचारू नका. पोटात काय आहे, ते विचारा. आणि चंद्र अजून दिसला नाही म्हणाल्या, तर सरळ आत जा. कोनाड्यात आरसा आहे. त्याच्यावरचं धुकं, तेवढं पुसून द्या.