रोशनक

बाळ महिन्याचं होत आलं तरी नावाचं घोडं काही पुढे सरकत नव्हतं. शेवटी मुलगा वैतागून म्हणाला, "बाबा, आता तुम्हीच सांगा एखादं."

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. बोलणं जेवढ्यास तेवढं. डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवून ते म्हणाले, "रोशनक."

शिलाई मशीनवर बसलेल्या आईचा पाय जागीच थिजला.

"गोड आहे! म्हणजे काय?" सुनेनं विचारलं.

"उजळ. प्रकाशमान," आईच्याच तोंडून निसटलं. "जुनं इराणी नाव. ग्रीकांनी त्याचं रोक्साना केलं. सिकंदराची राणी." मग ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला हे नाव कुणी सांगितलं?"

तिनं ते कुणापाशीही उच्चारलं नव्हतं. मुलाच्या आधी तिला एक मुलगी झाली होती, मेलेलीच. मुलालाही याचा पत्ता नव्हता. ती पोटात असताना कपडे शिवायला टाकणाऱ्या इतिहासाच्या बाईंकडून आईनं हे नाव ऐकलं आणि मनाशी पक्कं केलं. राणीचा शेवट बाईंनी मागाहून सांगितला: सिकंदर गेल्यावर काही वर्षांनी तिला आणि तिच्या पोराला कैदेतच मारलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत आईचं बाळ गेलं.

"तूच सांगितलंस," बाबा म्हणाले. "मशीन चालवताना पोटाशी बोलायचीस. मी भिंतीपलीकडे दुकानातच असायचो की. तिला मातीत ठेवताना मीही त्याच नावानं हाक मारली."

"मला बहीण होती?" मुलगा उभाच राहिला.

आईचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. "नावच वाईट निवडलं मी. त्यानंच गेली ती."

"काहीतरीच काय! नाळेचा फास बसला होता गळ्याला. डॉक्टर बोलले नाहीत तुला?"

"मी तापात होते. मला कोण काय सांगणार?"

"अगं, मला वाटलं, तुला माहीत आहे."

एवढी वर्षं! आईला रडूही फुटेना.

सुनेनं बाळाला छातीशी घेतलं. "आई, मग हेच ठेवायचं का?"

"नको गं. ते तिचं आहे. हिला दुसरं बघा." आई मशीनला धरून उठली. "कुठं ठेवलंत तिला?"

"नदीपलीकडे. स्मशानाच्या कुंपणाच्या भिंतीला लागून."

"चला."

"आत्ता?"

"आत्ता."

बाबांनी भिंग काढून खिशात टाकलं आणि ते चपला शोधू लागले.