बुजवलेली भोकं

“वहिनीकडे जायचं तर घरून जेवून जावं,” असं थोरली नणंद चारचौघांत म्हणाली होती. आज तिला सफरचंदाच्या गरम पेस्ट्र्या खाऊ घालून तिचं तोंड बंद करायचंच, असा वहिनीनं विडा उचलला. तिनं लाटलेल्या चौकोनांत शिजवलेलं सफरचंद भरलं, कडा दाबल्या, वाफ जायला काट्यानं भोकं पाडली आणि ती कपडे बदलायला गेली.

नवरा प्लंबर. भोक दिसलं की त्याचे हात शिवशिवत. त्यानं उरलेल्या पिठानं सगळी भोकं बुजवली आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला.

नणंद घरात आली आणि ओव्हनमध्ये फटाफट आवाज सुरू झाले.

वहिनीनं धावत येऊन काचेतून आत पाहिलं. “अहो, भोकं कुठं गेली?”

“बुजवली! आता थेंबभर गळणार नाही!”

ओव्हन उघडला, तर सफरचंद आतल्या छतापर्यंत चिकटलेलं. वहिनीला रडू यायच्याऐवजी हसूच फुटलं, ते थांबेना. नणंदेनं चमच्यानं ट्रे खरवडून एक घास खाल्ला, मग दुसरा, मग तिसरा.

“वहिनी, चव आहे गं तुझ्या हाताला! पुढच्या वेळी आधी माझ्या भावाला कामावर धाड, मगच भट्टी पेटव.”