टोकाच्या बाईचे ओठ

सगळे त्याला कात्री म्हणत. फिल्म खरोखर कापायची आणि चिकटवायची, त्या काळापासूनचं हे नाव. पुढे फिल्म गेली, कात्री गेली, संगणक आला, पण नाव काही सुटलं नाही. गाण्यांच्या कंपनीत नव्याने आलेली पोरं फार तर मागे काका लावत.

त्या सकाळी छोटे साहेब त्याच्या टेबलाशी आले. त्यांचे वडील, म्हणजे मोठे साहेब, आधी खुर्ची ओढायचे, चहा मागवायचे, मग कामाचं बोलायचे. छोट्या साहेबांचं सगळं उभ्या उभ्या.

"काका, जुनी गाणी उभी करायची आहेत."

"पडली कुठे होती?"

छोटे साहेब हसले नाहीत. त्यांनी हातातला फोन उभा धरून दाखवला. "आता कोणी फोन आडवा करत नाही. आडवा व्हिडिओ दिसला की अंगठा पुढे जातो. धृपद आधी घ्यायचं, चेहरा मोठा दिसला पाहिजे, आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत माणूस धरून ठेवायचा."

"आणि दोन्ही बाजूंचं काय?"

"काय बाजूंचं?"

"आडव्याचं उभं केलं की बाजू कापल्या जातात."

"जाऊ देत की. बाजूला कोण बघतंय? आणि हो, उभं चढवलं की जुनं आडवं काढून टाकायचं. एकाच गाण्याचे बघणारे दोन ठिकाणी वाटले जातात. आधी ते पावलांचं गाणं घ्या. गायक परवा स्वतः बघायला येणार आहेत."

पावलांचं गाणं म्हटल्यावर कात्रीचा हात माउसवर तसाच राहिला. त्या गाण्यात अगदी डाव्या टोकाला त्याची बायको नाचत होती.

गेल्या थंडीत ती गेली. घरी त्याच्याकडे गाण्याची कॉपी होती, त्यामुळे प्रश्न त्याच्या बघण्याचा नव्हता. पण लग्नाचे फोटो सोडले तर जगात ती एवढ्याच एका ठिकाणी होती. कोणीही, कुठेही बसून गाणं लावावं आणि ती नाचावी. आता छोट्या साहेबांनी तिला कापायला सांगितलं होतं, आणि तेही कात्रीलाच.

ते गाणं मोठ्या थाटात झालं होतं. तेव्हा गाण्याच्या व्हिडिओसाठी सेट उभा राहायचा, सुतार आठवडाभर ठोकत बसायचे. मग चॅनेलवर तो लागायची वाट बघायची. लागला की घरातले गॅस बंद करून टीव्हीपुढे येणार, कारण हुकला तर पुन्हा कधी लागेल याचा भरवसा नाही. या गाण्यात सगळे संथ तरंगल्यासारखे नाचताना दिसायला हवे होते. त्यासाठी चित्रीकरणाच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवायचे आणि कॅमेऱ्यातली फिल्मही दुप्पट वेगाने पळवायचे. नंतर नेहमीच्या वेगाने दाखवलं की नाच संथ दिसतो आणि ओठ मात्र शब्दांवर बरोबर पडतात. पण त्यासाठी गाणाऱ्याला उंदरासारख्या चिरक्या आवाजाबरोबर भराभरा ओठ हलवावे लागतात. गायकाला ते काही केल्या जमेना. स्वतःचंच गाणं, पण दर वेळी घोडं तिथेच पेंड खायचं.

मागच्या मुलींना नृत्यमास्तरांची सक्त ताकीद होती. "तोंडं बंद! गाणारा एकच आहे. तुम्ही फक्त नाचायचं."

सगळ्यांनी ऐकलं. एकीने ऐकलं नाही. मास्तरांनी तिला पार टोकाला नेऊन उभं केलं, तरी हिचे ओठ सुरूच. तेव्हापासून तिचं नावच टोकाची पडलं. फिल्म संपत आली आणि आहे त्यावर भागवायचं ठरलं. दिग्दर्शक कात्रीला म्हणाला, "ती टोकाची तेवढी काढून टाक." कात्रीने तो तुकडा टेबलावर दोनदा बघितला आणि ठेवला. का ठेवला ते कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तालमीच्या हॉलवर जाऊन त्याने तिला शोधून काढलं.

"ओठ का हलवत होतात?"

"गाणं वाजत असताना तोंड शिवून बसायला मी काय उशी आहे?" ती म्हणाली. "आणि तुम्ही कोण?"

असं ते जमलं. नाचणाऱ्यांची नावं व्हिडिओखाली यावीत म्हणून ती पुढे मोठ्या साहेबांशीही भांडली. साहेब म्हणाले, टोकाच्या लोकांची नावं लिहीत बसलो तर गाणं संपेल, नावं संपायची नाहीत. घरी येऊन तिने भांडी अशी घासली की शेजारीण विचारायला आली.

छोटे साहेब गेल्यावर कात्रीने गाणं उघडलं. आडव्याचं उभं करायला आता वेगळा प्रोग्राम होता. चौकट कुठे धरायची ते तो आपणच ठरवायचा. चित्रातले चेहरे शोधायचा, आवाज ऐकायचा आणि ज्याचे ओठ आवाजाशी जुळतील त्याच्यावर चौकट नेऊन ठेवायचा. कात्रीने बटण दाबलं. धृपद सुरू झालं. चौकट मधे उभ्या गायकावर क्षणभर थांबली, मग डावीकडे सरकायला लागली. एकेक मुलगी मागे टाकत पार टोकाला गेली आणि तिथेच बसली.

पडदाभर ती. कपाळावर घाम, केसांची एक बट तोंडात जातेय, आणि ती गातेय.

कात्रीने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. मग फाइल होती तशी जतन केली आणि जेवायला गेला.

घरी मुलीला सांगितलं. मुलगी शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिला पुढचं लगेच दिसलं.

"बाबा, ते म्हणतील मशीनची चूक आहे, दुरुस्त करा."

"म्हणू दे."

"आणि नोकरी गेली तर?"

"तुझ्या आईचं तोंड बंद करायला मास्तर लागले, दिग्दर्शक लागला, मोठे साहेब लागले. कोणाला जमलं नाही. आता हे काम माझ्या हातून व्हायचं?"

 मुलीने त्याच्या ताटात अजून भात वाढला.

ठरल्या दिवशी गायक आले. केस काळेभोर, गुडघे मात्र कुरकुरणारे. खुर्चीत बसताना म्हणाले, "काय कात्री, धार आहे ना अजून?"

"गंजली, पण कापते."

व्हिडिओ लागला. गायक आपला चेहरा यायची वाट बघत राहिले. आवाज त्यांचा आणि पडद्यावर बाई.

"हे काय? ही कोण?"

"मशीनची चूक आहे, सर," छोटे साहेब घाईने म्हणाले. "काका, तुम्ही दुरुस्त केलं नाहीत?"

"नाही."

"ही कोण म्हणतो मी?" गायकांनी पुन्हा विचारलं.

"माझी बायको. गेली गेल्या थंडीत."

 "अरेरे. वाईट झालं," गायक म्हणाले, आणि ते खरंच वाईट वाटून म्हणाले. मग घसा साफ केला. "पण कात्री, गाणं माझं आहे. चौकट माझ्यावर आण."

"आणणार नाही."

"काका!" छोटे साहेब म्हणाले.

"काका बिका काही नाही. मी तिला कापणार नाही. तुम्हाला कापायचं तर ही खुर्ची रिकामी करून देतो." तो उठला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

छोट्या साहेबांचे कान लाल झाले. ते खुर्चीत बसले, चौकट धरून त्यांनी उजवीकडे ओढली, थेट गायकांवर, आणि धृपद लावलं. आता पडदाभर गायक, तरुण आणि देखणे. पण शब्द आधी आणि ओठ मागून. बडीशेप चघळत असल्यासारखे ओठ हलत होते आणि गाणं भलतीकडेच चाललं होतं. आडव्या चित्रात तो चेहरा नखाएवढा होता. इथे सगळी लबाडी पडदाभर.

छोट्या साहेबांनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"हे असं होतं?" गायक हळूच म्हणाले. "मला कधी कोणी बोललं नाही."

"कोणाला दिसलंच नाही," कात्री म्हणाला. "ती टोकाला बरोबर गात होती. बघणाऱ्याला एक तोंड जुळताना दिसलं की सगळी जुळल्यासारखी वाटतात. म्हणून तो तुकडा ठेवला होता मी. इतकी वर्षं आवाज तुमचा आणि ओठ तिचे."

बाहेर कोणीतरी जिन्यावरून फोनवर मोठ्याने बोलत खाली उतरलं. 

"मग काय करायचं?" शेवटी छोटे साहेब म्हणाले.

"सोपं आहे. आडवं आहे तसं राहू द्या, कुठे हलवू नका. आणि उभं हवंच असेल तर मशीनने केलंय ते चढवा. खाली तिचं नाव लिहून."

"नाचणाऱ्यांची नावं आपण लिहीत नाही."

"माहीत आहे. त्यावरून आमच्या घरच्या दोन पातेल्यांना पोचे पडले आहेत."

गायकांना हसू आलं, ते त्यांनी खोकून दाबलं. काठी टेकत उठले. "माझं नाव वर आणि मोठ्या अक्षरात," ते म्हणाले. "तिचं खाली टाका. पण ते दुसरं, माझं, ते आत्ताच्या आत्ता पुसा. माझ्यासमोर."

छोट्या साहेबांनी पुसलं. कात्री खुर्चीत येऊन बसला आणि त्याने तिचं नाव टाइप केलं. एक एक अक्षर दाबून, जसं तिने भांडून घराच्या दारावरच्या पाटीवर त्याच्या नावाच्या आधी लिहून घेतलं होतं तसं.

संध्याकाळी मुलगी सोफ्यावर फोन घेऊन बसली होती. उभा व्हिडिओ संपला की आपोआप पहिल्यापासून सुरू होतो. ती केसांची बट पुन्हा पुन्हा तोंडात जात होती.

"बाबा, खाली लोक लिहायला लागलेत. हा बघा, म्हणतो, गायक कुठाय? ही बाई कोण आणि ही का गातेय?"

"उत्तर दे त्याला."

"काय लिहू?"

कात्री कांदा चिरत होता. सुरी खाली न ठेवता त्याने सांगितलं.

"लिही, तिला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. तिने ठेवलं नाही."