मागच्या बाकावरून

शाळेत तिला सगळे ‘मागच्या बाई’ म्हणत, शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत. चौथीच्या वर्गात अगदी शेवटी, कपाटाला खेटून एक बाक होता. ती येऊन त्यावर बसायची आणि तास संपेपर्यंत हूं की चूं करायची नाही. संशोधन करणाऱ्यानं वर्गात असं बसावं की तो तिथं आहे हे मुलांनी विसरून जावं. तिला संशोधनात मार्गदर्शन करणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “तू वर्गातली भिंत आहेस असं समज. आणि भिंतीनं शिंकायचंसुद्धा नाही.”

तिच्या संशोधनाचा विषय होता चौथीच्या बाईंची शिकवण्याची पद्धत. या बाईंना बाकीचे शिक्षक साखरबाई म्हणत, काही कौतुकानं आणि काही पोटात दुखून. साखरबाईंच्या वर्गात ‘चूक’ हा शब्दच नव्हता. मूल अडखळलं तर त्या रागवायच्या नाहीत, की त्याला बसवून दुसऱ्याला उठवायच्या नाहीत. नुसत्या हसतमुखानं थांबायच्या. आणि काय सांगावं, जरासं चाचपडून ते मूल बरोबर उत्तरावर येऊन पोहोचायचं. दर वेळी. खालच्या वर्गातून ढ म्हणून आलेली पोरंसुद्धा. तोंडी परीक्षेत या वर्गाचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. लेखी परीक्षेत तेवढा उजेड पडत नव्हता, पण त्याचं कारण तिनं आणि सरांनी मिळून शोधून ठेवलं होतं. मुलं कागदाला बुजतात.

येत्या आठवड्यात हे सगळं तिला शिक्षण मंडळापुढे मांडायचं होतं. मंडळाला पटलं की ही पद्धत एकजात सगळ्या शाळांत जाणार होती.

आणि या वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी कोण, तर तिचीच लेक, बिट्टी. सरांना हे आधी रुचलं नव्हतं. “आई बघणार म्हणजे कौतुकच बघणार,” असं ते म्हणाले होते. पण साखरबाई एकच आणि त्यांचा वर्गही एकच, म्हणून त्यांनी चालवून घेतलं. बिट्टी तिसऱ्या बाकावर बसायची. आईला वर्षभर तिच्या दोन वेण्या आणि मधला सरळ भांग तेवढा दिसत आला होता.

त्या सकाळी बिट्टीनं ताटलीतलं अर्धं तसंच टाकलं. आदल्या दिवशीही टाकलं होतं.

“हिचं पोट बिघडलंय का बघ,” नवरा बुटाची लेस बांधता बांधता म्हणाला. “परवापासून चिमणीएवढं खातेय.”

तिची घाई चालली होती. सरांना अहवालाची शेवटची पानं आजच हवी होती. खांद्याला पिशवी, हातात किल्ली आणि एक पाय दाराबाहेर. “काय गं, पोटात दुखतंय का?”

बिट्टीनं मान वर करून आईकडे पाहिलं. दुकानावरची पाटी वाचावी तसं तिनं शांतपणे आईचं तोंड वाचलं आणि मग म्हणाली, “नाही.”

“बघ. नाही म्हणतेय.”

“तुझ्यावर गेलीय, दुसरं काय. हिच्या वेळी कळा सुरू झाल्या तरी तू म्हणत होतीस, काही नाही, अपचन असेल.”

ती हसली. बिट्टीही हसली. आईच्या मागोमाग, आणि आई हसली होती तेवढंच.

शाळेत पोचली तर मागचा बाक जागेवर नव्हता. “पाय डुगडुगत होता, सुतारानं उचलून नेला,” शिपाई म्हणाला. “आज मागच्या बाईंना पुढे यायचा योग आहे.” त्यानं फळ्याशेजारी, खिडकीला लागून एक स्टूल मांडून दिलं. ती बसली. वर्षभर ज्या मुलांच्या माना आणि वेण्याच बघितल्या होत्या, त्यांची तोंडं पहिल्यांदाच समोर आली.

साखरबाईंनी फळ्यावर गुणाकार लिहिला, सात गुणिले आठ. एका मुलाला उठवलं.

मुलानं फळ्याकडे पाहिलंच नाही. त्यानं बाईंकडे पाहिलं. “चौ...” तो म्हणाला. बाईंचं हसू होतं तिथंच राहिलं. “पंचे...” हसू जरा थिजलं. “छ...” आणि बाईंच्या भुवया केसभर वर गेल्या, हनुवटी खाली आली, रोखलेला श्वास सुटला. “छप्पन्न,” मुलगा म्हणाला. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

तिनं इतर मुलांकडे पाहिलं. फळ्याकडे कुणाचीच नजर नव्हती. सगळा वर्ग बाईंच्या चेहऱ्याला डोळे लावून बसला होता. पापणी लवत नव्हती. मांजर उंदराच्या बिळाकडे बघतं ना, त्या नजरेनं ही लेकरं एका प्रेमळ बाईकडे बघत होती. बाई हसल्या की सगळ्यांचे ओठ हलत. बाईंनी श्वास घेतला की सगळ्यांच्या छात्या वर होत. तिसऱ्या बाकावरच्या बिट्टीला तर चाचपडावंही लागत नव्हतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत तिनं बाईंकडे एकदा पाहिलं आणि उत्तर देऊन टाकलं. बरोबर.

वर्षभर आपण डोळ्यांत तेल घालून बघितलं, आणि बघितलं काय, तर पाठी.

मधल्या सुट्टीत तिनं साखरबाईंना व्हरांड्यात गाठलं. बाई खरंच गोंधळल्या. “अहो ताई, मी एक अक्षर सांगत नाही त्यांना. देवाशपथ.”

“तुम्ही सांगत नाही, बाई. तुमचं तोंड सांगतं.”

“आता तोंड काय घरी ठेवून येऊ?”

तिला हसू आलं नाही. तिला अप्पा आठवले होते, तिचे वडील. अप्पा गाऊन देवाच्या कथा सांगत. लोक तल्लीन व्हायचे, माना डोलायच्या, डोळे भरून यायचे. आणि मधेच कधी अप्पा, सूर जराही न हलवता, एकाच्या तोंडचं बोलणं भलत्याच्याच तोंडी घालत. निम्मे लोक तरीही माना डोलवत राहात. मग अप्पा थांबत आणि खळखळून हसत. “माना पोचल्या बरं का माझ्याकडे. आता मनं पाठवा.”

“बाई,” ती म्हणाली, “एकच करा. सुट्टीनंतर सोपी बेरीज घाला, सहा अधिक पाच. तोंडानं काही बोलू नका. मनात फक्त बारा धरा. बारा हेच बरोबर आहे असं स्वतःला पटवा आणि नेहमीसारख्या थांबा.”

“म्हणजे मुलांना फसवायचं?”

“एकदाच.”

साखरबाईंनी पदराच्या टोकाशी चाळा केला. त्यांना ते आवडलेलं नव्हतं. पण त्यांच्या मनातही एक किडा वळवळायला लागला असावा, कारण त्या आत गेल्या आणि त्यांनी फळ्यावर बेरीज लिहिली. पहिलीतल्या पोरानं बोटांवर करावी अशी.

पहिला मुलगा उठला. “अक...” म्हणाला आणि थांबला. बाईंचं हसू थिजलं होतं. “बा...” भुवया वर गेल्या. “बारा.”

दुसरी म्हणाली बारा. तिसरा म्हणाला बारा. कुणीही बोटं मोजली नाहीत, की कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. मग बिट्टी उठली, तिनं बाईंकडे एकदाच पाहिलं आणि खणखणीत सांगितलं, “बारा.” सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

साखरबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. खडू हातातून सुटून खाली पडला. आणि त्या पांढऱ्या चेहऱ्याकडे बघता बघता मुलांचेही चेहरे उतरले. मग कोपऱ्यातून कुणीतरी हळूच विचारलं, “तेरा?”



“दहा?” दुसऱ्या बाजूनं आवाज आला. “चौदा?” “पंधरा, बाई?” आवाज वाढत गेले. सगळी मुलं त्या एका चेहऱ्यावर आकडे फेकून बघत होती, अंधारात भिंत चाचपत बटण शोधावं तशी. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीच्याही.

तिची नजर मात्र बिट्टीवर खिळली होती. बिट्टी खाली बसली होती, पण सरळ बसली नव्हती. उजव्या अंगाला कलली होती, आणि बाकाखाली तिची मूठ पोटात घट्ट रुतवलेली होती. मागच्या बाकावरून हे कधीच दिसलं नसतं. तिला सकाळचं ‘नाही’ आठवलं. आपल्या खांद्यावरची पिशवी आठवली, दाराबाहेरचा पाय आठवला. आपल्याला तेव्हा कोणतं उत्तर हवं होतं, तेही आठवलं.

ती भिंत असल्याचं विसरली. सरळ तिसऱ्या बाकाशी गेली. “बिट्टी, दुखतंय का?”

बिट्टीनं तिच्याकडे पाहिलं. “हो.”

कपाळ तापलेलं होतं. तिनं आवाज सांभाळला, तोंडावर जरा धीर आणला. “खूप?”

“नाही.”

“कधीपासून? काल?”

“काल.”

“का परवा?”

“परवा.”

तिनं बिट्टीकडे पाठ फिरवली. “आता सांग. मी बघत नाहीये. कुठं दुखतंय आणि किती?”

मागून काहीच आलं नाही. नुसता लहानसा, धापा टाकल्यासारखा श्वास. मग बिट्टीचा आवाज, हळू, जरासा रुसलेला. “तू इकडे बघ ना, आई. मग सांगते.”

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर होते, मुलांशी लाडानं बोलणारे. नवरा कामावरून धावत आला होता आणि दाराशी उभा होता. डॉक्टरांनी बिट्टीच्या गालाला हात लावला. “काय मग, शूर बाई? फार दुखत नाहीये ना?”

बिट्टीनं त्यांच्या हसण्याकडे पाहिलं. “नाही.”

“इथं?”

“नाही.”

“छान. बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. औषध देतो, उद्या बघू.”

“डॉक्टर,” ती म्हणाली, “तिचं ऐकू नका.”

“अहो, दुखतंय तिला. तिचं नाही तर कुणाचं ऐकू? तुमचं?”

“कुणाचंच नको.” ती पुढे झाली आणि तिनं आपला तळवा बिट्टीच्या दोन्ही डोळ्यांवर ठेवला. “आता दाबून बघा. विचारू नका काही.”

डॉक्टरांनी नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बायकोला जरा आवरा. पण नवरा जागचा हलला नाही, तेव्हा त्यांनी पोटावर बोटं टेकवली. उजवीकडे खाली हळूहळू दाबलं आणि झटकन हात उचलला. बिट्टीचा पाय आपोआप छातीशी आला. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिच्या आईनं कधी ऐकला नव्हता. तळव्याखाली ओलं लागलं.

डॉक्टरांच्या तोंडावरचं हसू गेलं. त्यांनी नर्सला हाक मारली.

मग सगळं भराभर झालं. आतड्याचं टोक सुजलं होतं, कदाचित आत फुटलंही होतं. पोट उघडल्याशिवाय कळणार नाही, डॉक्टर म्हणाले. नवऱ्यानं सह्या केल्या. बिट्टीला चाकांच्या खाटेवर घेतलं. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी खाट जरा थांबली, तेव्हा बिट्टीनं विचारलं, “आई, मी बरी होणार ना?”

आणि तिनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीनं.

तिला हसायचं होतं. हसूच आणायचं होतं तिनं तोंडावर. पण या नजरेपुढे कुठलंही सोंग टिकणार नाही, हे तिला ठाऊक होतं. अप्पा डोळे मिटून गात. लहानपणी तिनं एकदा त्यांना विचारलं होतं, असं का म्हणून. ते म्हणाले होते, “समोरच्यांची तोंडं बघितली की त्यांना आवडेल तेच सुचतं गं. जे सांगायचं असतं ते राहून जातं.”

तिनं वाकून लेकीच्या कपाळाला कपाळ टेकलं, इतकं जवळ की कुणालाच कुणाचा चेहरा दिसू नये, आणि डोळे मिटले. “मला माहीत नाही, बाळा,” ती म्हणाली. “खरंच माहीत नाही. देवाला सांगितलंय मी.”

साखरबाईंच्या वर्गात ‘मला माहीत नाही’ हे वाक्य वर्षभरात कुणी उच्चारलं नव्हतं.

थोडा वेळ नुसता ऊन ऊन श्वास लागत राहिला. मग अगदी कानाशी, प्रत्येक शब्द वेगळा शोधून आणावा तसा, बिट्टीचा आवाज आला. “खूप दुखतंय, आई. परवाच्या आधीपासून. रात्री पण. मी सांगणार होते.”

खाट आत गेली. दार मिटलं.

बाकड्यावर नवरा हात जोडून बसला होता. त्याच्या शेजारी ती बसली. फोन वाजला, सरांचा होता.

“पानं कुठायत? मंडळाचा माणूस येऊन बसलाय.”

“सर, मी वर्ग मागून बघितला.”

“मग? तसाच बघायचा असतो.”

“बेरीज येत नाही त्यांना, सर. एकालाही येत नाही. ही पद्धत कुठं पाठवू नका.”

“आता? अगं, बाकीचं सगळं छपाईला गेलंय. उद्या बोलू, तू दमलेली वाटतेस.”

तिनं फोन बंद केला. ती डोळे मिटून अप्पांची एक चाल मनातल्या मनात म्हणायला लागली. शब्द आठवत नव्हते, नुसता सूर होता. किती वेळ गेला कळलं नाही.

दाराची कडी वाजली. डॉक्टर बाहेर येऊन उभे राहिले. नाकातोंडावर हिरवं फडकं बांधलेलं, वर फक्त कपाळ आणि डोळे. ते काही बोलण्याआधीच ती उठून उभी राहिली होती आणि त्यांच्या भुवयांकडे टक लावून बघत होती. पापणीही न लववता.