कोर्दोबाचा खरा फोटो

सूर्यकांतने बाकू पाहिलं होतं, जॉर्जिया दोनदा पाहिला होता. पण पासपोर्टवर शेंगेनचा, म्हणजे युरोपचा, व्हिसा चिकटल्याशिवाय दुबईत कोणी तुम्हाला जग पाहिलेलं धरत नाही. निदान विलास तरी धरत नसे. विलास हा जबल अलीच्या गोदामात त्याच्या बरोबरीचा मॅनेजर, राहायला जुमेरा लेक टॉवर्समध्ये, आणि त्याचा युरोप दोनदा झालेला. त्यामुळे ईदच्या सुट्टीत स्पेनमधलं कोर्दोबा बघून आल्यावर सूर्यकांतने पहिलं काम काय केलं, तर विलासला डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आपल्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. विलासने एकदा तोंडाने ‘वा’ म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

टीव्हीवर फोटो सुरू झाले. कॅथेड्रल झालेल्या मशिदीच्या लाल-पांढऱ्या कमानी, नदीवरचा सोळा कमानींचा पूल. सूर्यकांतने एकेका फोटोवर घाम गाळला होता. टूरिस्ट पुसले, दगडातल्या भेगा बुजवल्या, शेवाळ काढलं, गढूळ नदी निळी केली. अख्ख्या मध्ययुगाची त्याने फोनवर डागडुजी करून टाकली होती.

विलासने कोथिंबीर वडी संपवली. “सूर्या, हे इथलंच ना? तुमच्या मेट्रोजवळच्या मॉलमध्ये स्पेनच्या अंदालुसियाचा सेट केलाय, तिथलं.”

सूर्यकांतची बायको विभावरी हसू लपवायला ताटं उचलू लागली. शेवाळ राहू द्या, असं तिने त्याला बारा वेळा सांगितलं होतं.

“ओरिजिनल आहे रे, बाराशे वर्षांपूर्वीचं.”

“मग पासपोर्टवरचा शिक्का दाखव. नुसता व्हिसा नको.”

युरोपात आता शिक्के मारत नाहीत, मशीन बोटांचे ठसे घेतं, हे सूर्यकांतने सांगितलं खरं. पण बोलताना त्याचं त्यालाच ते थाप मारल्यासारखं वाटलं.

“डॅड, यू एडिटेड आउट एव्हरीथिंग,” त्याची पंधरा वर्षांची मुलगी केया म्हणाली.

त्याने घाईघाईने फोटो पुढे ढकलले, तर मध्येच एक भलताच आला. पट्ट्यापट्ट्यांची कमान, टवका उडालेली फरशी, गर्दी, बादली घेतलेला सफाईवाला आणि समोर जांभई देणारा सूर्यकांत. गेल्या शनिवारी केयाने त्याच मॉलमध्ये गंमत म्हणून काढलेला.

“हां,” विलास सरसावून बसला. “याला म्हणतात जुनं. फरशी बघ कशी झिजलीय. वा.”

आलं एकदाचं. सूर्यकांतला इतकं बरं वाटलं की खरं काय ते सांगायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

“डॅड, दॅट्स द...”

“केया, अंकलना पाणी आण. बाराशे वर्षं, विलास.”

“एवढा एकच ग्रुपवर टाक,” विलास निघताना म्हणाला. “बाकीचे उडव. उगाच लोक हसतील.”

विलासची लिफ्ट खाली पोचायच्या आत सूर्यकांतने बाकीचे उडवलेसुद्धा. पुलाच्या कठड्याला टेकून नदी बघणारी विभावरीही त्यात गेली.

“अहो, तो एकच माझा होता,” ती म्हणाली.

“मग काढू की दुसरा,” ग्रुपवर पडणारे अंगठे मोजत तो म्हणाला. “चालत दहा मिनिटांवर तर आहे.”