वरची खिडकी

आमच्या भाषांतराच्या ऑफिसात टाइप करता करता शब्द गायब व्हायला लागले आणि ते खेकटं माझ्या गळ्यात पडलं, कारण कॉम्प्युटर बघणारा मी एकटाच. तीन टेबलांवर तीन वेगळ्या सिस्टीम, पण दुखणं एकच. वाक्य अर्ध्यात असताना लिहायची खिडकी मागे जायची आणि पुढची अक्षरं भलतीकडेच पडायची. मी अपडेट केले, कीबोर्ड बदलले, नको ते प्रोग्रॅम उडवले. फरक शून्य. शेवटी वैतागून थोरल्या बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो.

बाई पाण्याच्या पंपाचं माहितीपत्रक मराठीत आणत होत्या. आमच्याकडे सगळेच मान खाली घालून, कीबोर्डकडे बघत टाइप करतात. तेवढ्यात काचेच्या केबिनमधून साहेबांचा मेसेज टपकला, "काम कुठवर आलं?" आपल्या मेसेजची खिडकी सगळ्यांच्या वर आली पाहिजे, हे सेटिंग साहेबांनीच हट्टानं करून घेतलं होतं. बाईंनी ओळ संपवून एंटर दाबलं, आणि "झाकण घट्ट बसवा" थेट साहेबांना गेलं.

साहेबांनी उत्तर दिलं, "बरं."

मी जागेवर येऊन रिपोर्ट लिहायला घेतला. "दोष कुठल्याच सिस्टीममध्ये नाही," एवढं लिहिलं आणि पुढचं वाक्य रागाच्या भरात, खाली बघतच संपवलं. मान वर केली तेव्हा ते साहेबांकडे पोचलं होतं: "सगळा घोळ काचेच्या केबिनमध्ये बसलाय."

खाली उत्तरही आलं होतं.

"बरं. आजच्या आज बाहेर काढा."