चौथा टोल

कुलूप तुम्हीच लावलंत, मालक. वाऱ्यानं लागलं नाही, भुतानं लावलं नाही. नाताळच्या सकाळी नऊ बायका आत असताना तुम्ही पत्र्याच्या शेडचं दार ओढलंत, कुलूप घातलंत, चावी खिशात टाकलीत आणि बुटाचा चिखल गवताला पुसत चर्चमध्ये उपासनेला गेलात. पहिल्या बाकावर बसायला. चर्चच्या मंडळीचे वडील, पंच ना तुम्ही!

आत थोरली होती. बदकांची पिसं काढणाऱ्या बायकांत सगळ्यात जुनी. हंडा तिच्या ताब्यात. पाण्यात बोट दोनदा बुडवता आलं आणि तिसऱ्यांदा नाही, की ती म्हणायची, "टाका." जास्त तापलं तर कातडी फाटते, निवलं तर पीस हलत नाही. चौदा नाताळ तिनं त्या हंड्यापाशीच काढले. लोकांचा सण, तिचा घाम.

पण यंदा तिला तासभर हवा होता. त्या गावात उपासनेच्या सुरुवातीला वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. गेले त्या क्रमानं. एका नावाला घंटेचा एक टोल, आणि त्या घरचं कुणीतरी उभं राहतं. कुणीच उठलं नाही तर नाव जमिनीवर पडलं म्हणतात. थोरलीचा नवरा पावसाळ्यात गेला, नांगरटीच्या ओल्या ढेकळांत पाय रुतलेला असताना छाती धरून खाली बसला तो बसलाच. यादीत चौथा. पोरबाळ नाही, भाऊ आधीच गेलेला. उठणार कोण? तीच.

महिनाभर आधी तिनं मालकांना विचारलं होतं.

"जा की बाई," ते म्हणाले होते. "देवाच्या कामाला मी आडवा येईन का?"

आणि आज सकाळी म्हणाले, "दुपारी बदकं न्यायला गाडी येतेय. एक उठली की नऊ उठतात. गेल्या वर्षी दोघी प्रार्थनेला म्हणून गेल्या आणि जेवून, झोप काढून आल्या."

"मी धावत येते, मालक. नाव झालं की लगेच."

"देवाला मनातलं कळतं, बाई. इथूनच कर प्रार्थना."

खट्.

थोरलीनं दारावर थापा मारल्या. पत्रा नुसता थरथरला. बाहेर धुकं, कुत्रंसुद्धा फिरकेना. तिची धाकटी जाऊ पिसांच्या ढिगातून ओरडली, "हात दुखवून घेऊ नका, बाई. तुमचा देव चावी मागायला गेला असेल."

"तोंड आवर गं."

"का आवरू? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघू नका म्हणून मालक भाषण ठोकतो आणि स्वतःच्या दाराला मुसळाएवढं कुलूप!"

बायका हसल्या. थोरली हसली नाही. ओल्या हातांना पिसं चिकटलेली, तशीच ती हंड्यापाशी येऊन बसली. एवढं साधं एक काम होतं आपल्या गेलेल्या माणसासाठी करायचं, तेही हातून गेलं.

मग घंटा झाली. धुक्यातून, जड.

एक.

जावेचा हात थांबला. दोन. कुणीतरी बदक खाली ठेवलं. तीन. चुलीतलं लाकूड तडकलं तेवढंच.

चौथ्या टोलाला थोरली उठली. गुडघे कुरकुरले, पदरातून पाणी ठिबकत होतं. ती ताठ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "प्रभू, मी इथं आहे. बाकी तुला दिसतंच आहे."

शेजारी जाऊ उभी राहिली. "माझेही भाऊजी होते ते," ती पुटपुटली. मग एकेक करून सगळ्याच उठल्या. नऊ बायका, रक्ताळलेले हात, पत्र्याखाली.

थोरलीच्या छातीवरचा दगड कुणी उचलला ते तिला कळलं नाही. दार बंदच होतं. पण तिला वाटलं, नाव पडलं नाही. कुणीतरी झेललं. प्रभूसुद्धा गुरांच्या गोठ्यातच आला होता की, पहिल्या बाकावर नाही.

शेवटचा टोल विरला तरी कुणी बसेना. चुलीत सरपण कुणी सारलं नाही. पाणी निवलं.

तासाभरानं कुलूप निघालं. मालकांनी हंड्यात बोट घातलं आणि भडकले.

"गार? गाडी यायची वेळ झाली आणि पाणी गार? काय करत होता तुम्ही?"

"उभ्या होतो," जाऊ म्हणाली.

थोरली पुढं झाली. चौदा वर्षांत पहिल्यांदा तिनं त्यांच्या डोळ्यांत डोळे घातले. आवाज चढला नाही.

"सरपण घालते, मालक. पाणी तापेल. पण आधी एक सांगा. नावं दरवर्षी तुम्हीच वाचता. चौथं नाव वाचून तुम्ही मान वर केलीत ना, कोण उठतंय बघायला? कुणी उठलं नाही. चावी तुमच्याच खिशात होती. तेव्हा काय वाटलं तुम्हाला?"

मालक दाराकडं वळले.

"पाठ नका फिरवू. मी विचारतेय. काय वाटलं?"